पंपातली हवा : करमाड-जालना पट्ट्यातील पाणीउपशाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे करमाड हे गाव दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले आहे, आणि या बेसाल्ट खडकात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या मुरमाच्या थरांत साठत असल्यामुळे या परिसरातील विहिरी खोल, अरुंद झऱ्यांच्या आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या राहिल्या आहेत. येथील पाणीउपशाच्या साधनांचा इतिहास पाहिला, तर पाणी जसजसे खाली गेले तसतसे यंत्रही त्याच्या मागे खाली उतरत गेले असे दिसते. आणि या उतरण्यामागचे मुख्य कारण म्हणजे हवा : पंपात शिरणारी, आणि बाहेरून पाण्यावर मर्यादितच दाब देणारी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठवाड्यातील बागायत मोटेवर चाले. कातड्याची मोट, तिला ओढणारा जाड नाडा, सोंडेचे तोंड आवळणारा सोल, बैलांची उतरती धाव आणि पाणी रिते होण्याचे थारोळे या साऱ्या रचनेत मोट थेट पाण्यात बुडत असल्याने हवेचा प्रश्न उद्भवतच नसे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर शहरात मात्र तो प्रश्न फार आधी ओळखला गेला होता, कारण मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या नहरीत बंद नळांतून उताराने येणाऱ्या पाण्यातली कोंडलेली हवा निघून जावी व दाब आवरता यावा, म्हणून वाटेत उंच बंबे उभारलेले होते. पाणी वाहून नेणाऱ्यांना हवेची जाण इतकी जुनी आहे, ही गोष्ट यंत्रयुगाच्या कौतुकात सहसा झाकली जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ पासून सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले, आणि स्वातंत्र्यानंतर ऑइल इंजिन व पुढे वीज गावोगाव पोहोचली तसा हा पंप मोटेच्या जागी आला. या पंपात इम्पेलर, म्हणजे वाकड्या पात्यांचे चाक, वेगाने फिरून पाणी बाहेर फेकते व मध्यभागी दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे बाहेरच्या वातावरणाचा दाब विहिरीतले पाणी सक्शन पाइपातून वर ढकलतो. चाकाभोवती पाण्याऐवजी हवा असेल, तर हवा पाण्यापेक्षा शेकडो पटींनी हलकी असल्यामुळे पुरेसा दाबफरक निर्माणच होत नाही आणि पंप नुसता घरघरत राहतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंप व सक्शन पाइप पाण्याने काठोकाठ भरून हवा काढून टाकावी लागते. यालाच प्रायमिंग म्हणतात. भरलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरू नये म्हणून पाइपाच्या तळाशी एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, बसवलेली असते. ती गळू लागली की पंपात शेणकाला ओतून फट बुजवण्याची रीत शेतकऱ्यांत रूढ झाली.

वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ तोलतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवरील या पठारावर ती मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि पाइपातील घर्षण व सांध्यांतील गळती जमेस धरता सहा-सात मीटरच्या पलीकडे पंप पाणी भरवशाने ओढू शकत नाही. त्यामुळे काठावर ठेवलेला पंप उन्हाळ्यात निकामी ठरे, आणि विहिरीच्या आत खडकात कट्टा कोरून किंवा लोखंडी आडवे घालून त्यावर यंत्र बसवावे लागे. त्या जागेची जोखीम मोठी होती: इंजिनाचा विषारी धूर विहिरीत साचे, विजेच्या मोटरीला सतत ओल लागे, आणि पावसाळ्यात पाणी चढले की यंत्र वर ओढून घ्यावे लागे. एवढा धोका पत्करून माणसे रोज त्या कट्ट्यावर बादलीने पंप भरत होती, याची नोंद सिंचनाच्या इतिहासात हवी तितकी झालेली नाही.

या अडचणीवरचे एक महत्त्वाचे उत्तर करमाडच्या पूर्वेला, जालन्यातच, घडले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने विंधन विहिरींसाठी मजबूत पोलादी हातपंप तयार केला, कारण ओतीव लोखंडाचे जुने हापसे एका कुटुंबापुरते घडवलेले होते आणि साऱ्या गावाच्या वापराखाली ते मोडत असत. ‘जालना पंप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या हापशाचा सिलिंडर, म्हणजे दट्ट्या सरकणारी नळी, पाण्याच्या पातळीखाली बुडालेला असे. त्यामुळे सक्शनची मर्यादाही उरली नाही आणि पाणी भरण्याची गरजही. सोलापूरला त्यात सुधारणा झाल्या, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर त्याच वाटेने, युनिसेफच्या साहाय्याने, ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला, जो पुढे आफ्रिकेतही गेला. मराठवाड्याच्या टंचाईने जगाला दिलेली ही देणगी तिच्या जन्मभूमीत अधिक ठाऊक असायला हवी. सबमर्सिबल पंपाने हेच तत्त्व विजेवर आणले आणि मोटरीसकट सारे यंत्र बोअरमध्ये उतरवले.

नळाला ठरावीक वेळीच पाणी येते अशा घरांत मात्र जमिनीतला हौद व गच्चीवरची टाकी आली आणि त्यांच्यामधल्या लहान मोनोब्लॉक, म्हणजे मोटरीला जोडूनच घडवलेल्या, पंपाबरोबर प्रायमिंग पुन्हा घरात शिरले. त्याची सुरक्षित रीत अशी, की आधी मुख्य स्विच बंद करावा, वरचे बूच काढून बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश पाणी भरावे, बूच घट्ट लावावे, हात व जागा कोरडी करूनच वीज द्यावी, आणि मिनिटभरात पाणी आले नाही तर पंप तत्काळ बंद करावा, कारण कोरड्या फिरण्याने सील जळते. अर्थिंग आणि गळतीचा विद्युतप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच यांवाचून असा पंप वापरूच नये. सार्वजनिक नळालाच थेट ‘टिल्लू’ नावाने ओळखला जाणारा छोटा पंप जोडण्याची प्रथा याहून घातक आहे, कारण त्या ओढीने नळातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की फुटक्या सांध्यांतून हवेबरोबर गटाराचे पाणीही आत खेचले जाते आणि ते त्याच वाहिनीवरच्या प्रत्येक घरात पोहोचते.