१८४५: डेन्मार्कने विकलेलं गाव आणि आपली मोडी

लोणी काळभोरच्या आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पणजोबांच्या जमिनीचे कागद आहेत, मोडीत लिहिलेले. मी दिवसभर कोड लिहितो, पण या कागदांतली एक ओळ मला वाचता येत नाही. घरात कुणालाच येत नाही. बांधाचा विषय निघाला की सगळे ट्रंकेकडे बघतात आणि गप्प बसतात.

ही लिपी कधी छापली गेली होती का, हे शोधत गेलो आणि पोचलो थेट डेन्मार्कच्या इतिहासात.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठावर श्रीरामपूर आहे. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हे दुसरं. १७५५ पासून तिथे डॅनिश वखार होती. इंग्रज कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. म्हणून १८०० मध्ये विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती या गावात राहिले. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने त्यांना आसरा दिला. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरंच. पण त्यासाठी त्यांनी छापखाना घातला. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी अक्षरांचे खिळे घडवले. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने कॅरीने मराठीचं व्याकरण लिहिलं आणि १८०५ मध्ये ते तिथे छापलं. मराठी मजकूर देवनागरीत होता. पुढे मोडीचेही खिळे तयार झाले आणि १८१० चा मराठी शब्दकोश मोडीत निघाला.

म्हणजे पुण्यात पेशवाई असताना मोडीचे खिळे डॅनिश झेंड्याखाली तयार होत होते!

डेन्मार्कचे दिवस मात्र फिरले. नेपोलियनच्या युद्धांत १८१३ ला सरकारचं दिवाळं निघालं, १८१४ ला नॉर्वे हातचा गेला. हिंदुस्थानातला व्यापार बसला. शेवटी १८४५ मध्ये राजा आठव्या ख्रिश्चनच्या सरकारने श्रीरामपूर आणि तमिळ किनाऱ्यावरचं तरंगमबाडी इंग्रज कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं. तोट्यातली दुकानं विकावीत तशी.

श्रीरामपूरच्या कॉलेजला डॅनिश राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याचा अधिकार दिला होता. विक्रीच्या करारात तो राखला गेला. मोडीसाठी असं कलम कोण घालणार? छापील मराठी देवनागरीत स्थिरावली. मोडी दप्तरात उरली, मग शाळेतूनही गेली.

२०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. म्हणजे खिळे पुन्हा तयार आहेत. पण कॅरीजवळ खिळ्यांसोबत वैजनाथ होते, भाषा शिकवणारा माणूस. लिपी टिकायला दोन्ही लागतं.

मी मोडीच्या मुळाक्षरांपासून सुरुवात केली आहे. काल पहिल्या कागदावर पणजोबांचं नाव लागलं. हद्द अजून लागायची आहे.