स्कूटरस्वाराची ऊब



कर्कवृत्त ज्या नगरीच्या अगदी जवळून जाते, त्या उज्जैनच्या रहिवाशाने विजेवर तापणाऱ्या पोशाखाविषयी बोलावे, याचे आपणांस हसू येईल. परंतु जानेवारीत सकाळी साडेसहाला माधवनगरातून स्कूटर काढून, रेल्वेवरचा पूल ओलांडून जुन्या शहरातील शाळेत जो मास्तर जातो, त्याला ते येणार नाही. पारा पाच अंशांवर असला, तरी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला तीच हवा शून्याखालची भासते. वाऱ्याचा हा हिशेब पॉल साइपल व चार्ल्स पॅसल यांनी १९४०-४१ च्या सुमारास अंटार्क्टिकात पाणी गोठावयास लागणारा वेळ मोजून मांडला. आजची कोष्टके त्याचीच सुधारलेली रूपे होत.

माझ्या लहानपणी आमच्या घरी बजाजची स्कूटर होती. मी पुढे उभा राही आणि बाबा आदल्या दिवशीच्या ‘नईदुनिया’ची चौघडी करून स्वेटराच्या आत छातीशी धरीत. उपाय अडाणी नव्हे. कागद वारा अडवितो आणि त्याच्या घड्यांत कोंडलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. छाती अशी राखता येई, हातांचे काय? एका नाताळच्या रात्री मध्यरात्रीची मिस्सा आटोपून परतताना बाबांची बोटे इतकी आखडली, की पुढच्या ब्रेकची दांडी वेळेवर ओढलीच गेली नाही. स्कूटर रस्त्याकडेच्या हातगाडीवर आदळली. मला खरचटण्यावर निभावले. बाबांचे मनगट मोडले. तेव्हापासून थंडी ही निव्वळ सोसण्याची गोष्ट आहे, असे मला वाटेनासे झाले.

आता गंमत अशी, की हा पोशाख आणि स्कूटर यांचे माहेर एकच, ते म्हणजे विमान. १९४६ साली इटलीत ज्याच्या आराखड्यावरून व्हेस्पा निघाली, तो कोर्रादिनो दास्कानिओ विमानविद्येचा इंजिनियर होता आणि पियाजिओचा कारखानाही युद्धकाळात विमाने बांधीत असे. एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक, सांगाड्यावाचून नुसत्या पत्र्यावर तोललेली काया, हे सारे त्या विद्येशी नाते सांगणारे. पायांपुढची पत्र्याची ढालही त्याने दिली. चिखल आणि वारा गुडघ्यांपर्यंत तरी अडला.

त्यापूर्वीच वैमानिकांचे कपडे तापू लागले होते. पहिल्या महायुद्धात सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९१७ मध्ये वारा न शिरणारा, अनेक पदरी झगा करविला, आणि युद्ध संपण्यापूर्वी कपड्यांत विजेच्या तारा घालण्याचे प्रयोगही सुरू झाले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बाँबफेकी विमानांतील माणसे उणे चाळीस अंशांत उघड्या खिडकीशी तोफा धरून बसत. आरंभी तर शत्रूच्या माऱ्यापेक्षा हिमदंशाने अधिक माणसे निकामी होत. त्यांना विजेचे पोशाख मिळाले. मात्र पहिल्या पोशाखांत तार एकापुढे एक जोडलेली असल्याने ती कोठे एके ठिकाणी तुटली, की सगळा पोशाख गार पडे. पुढे जोडणी बदलावी लागली.

मग विमानाची घडण घेणाऱ्या स्कूटरने वैमानिकाची ऊब का घेतली नाही? वीज कोठून आणावी, हे त्याचे उत्तर. जुन्या स्कूटरचा मॅग्नेटो जेमतेम दिवा पेटवी. इंजिन मंदावले, की दिवाही डोळे मिटू लागे. तापणाऱ्या जॅकेटला त्या दिव्याच्या दुप्पट-तिप्पट वीज हवी! १९७० च्या दशकात अमेरिकेत गॉर्डन गर्बिंग या यंत्रशाळा चालविणाऱ्या गृहस्थाने असे कपडे विकावयास काढले, ते अधिक वीज देणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींसाठी. आपल्याकडे स्कूटर मिळावयासच नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तेथे ऊब कोण मागणार! इंजिनची उष्णता स्वाराच्या मांडीखाली फुकट जाई. गाडी उभी केल्यावर लोक उजव्या बाजूच्या झाकणावर हात शेकीत, एवढाच तिचा उपयोग.

लिथियमच्या बॅटरीने हा प्रश्न बदलला. विजेच्या तारा आता स्कूटरला जोडाव्या लागत नाहीत. बॅटरी हातमोज्याच्या मनगटापाशीच बसते. २०२० मध्ये चेतक स्वतःच विजेवर धावू लागली. अर्ध्या तासाच्या उबेसाठी ७५ वॉटच्या जॅकेटला लागेल तेवढ्या विजेत अशी स्कूटर किलोमीटर-दीड किलोमीटर जाईल. हे मोल फार नव्हे.

यंदा मी जॅकेट घेतले नाही. मालव्याची कडक थंडी ती किती दिवसांची! हातमोजे तेवढे घेतले. बाबांना दाखविले, तर त्यांनी ते त्या मोडक्या मनगटावर चढवून बटण दाबले, बराच वेळ तसेच बसून राहिले, आणि मग धुतले तर चालतात का, असे विचारले.