मेरिट, वीज आणि तारघरातला कारकून

अगस्त्य ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी बॅटरी बनवली होती, असा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी आपल्या मोबाईलवर फिरून येतो. मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद, जस्त, वगैरे. आपली पोरे हसतात आणि पुढे जातात. हसायला हरकत नाही, पण त्या मेसेजच्या पोटात एक गृहीतक आहे ते हसण्याने मरत नाही. ज्ञान म्हणजे ध्यानस्थ बसलेल्या एखाद्या श्रेष्ठ पुरुषाच्या डोक्यात उगवणारी वस्तू, हे ते गृहीतक. तेच पुढे ‘मेरिट’ नाव घेऊन आपल्या मुलांना कॉलेजात आणि हॉस्टेलात गाठते. ते खोडायचे असेल तर विजेचे ज्ञान प्रत्यक्षात कसे घडले ते पाहावे लागते.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे इतिहासकार ब्रूस हंट यांनी नेमके हेच शोधले आहे. ‘द मॅक्सवेलियन्स’ (1991) आणि ‘इम्पीरियल सायन्स’ (2021) ही त्यांची दोन पुस्तके आपल्या अभ्यासवर्गात वाचली गेली पाहिजेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश विद्युतशास्त्र आधी प्रयोगशाळेत पूर्ण झाले आणि मग व्यवहारात उतरले, असे घडलेच नाही. समुद्रातल्या केबलींनी, त्यांच्या बिघाडांनी आणि साम्राज्याच्या गरजेने ते शास्त्र घडवले.

1858 च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालून केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश जायला सुमारे 16 तास लागले आणि काही आठवड्यांतच केबल मेली. खापर फुटले वाइल्डमन व्हाइटहाउस या विद्युततज्ज्ञावर. तो मूळचा डॉक्टर. त्याने जास्त दाबाची वीज सोडून केबल जाळली, असे ठरले. हंट दाखवतात की त्याच्या चुका होत्याच, पण केबल मुळातच सदोष होती आणि एकाला बळीचा बकरा केले की कंपनीची सुटका होत होती. पाठोपाठ तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेली केबलही बंद पडली. 1857 च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानची खबर ताबडतोब हवी होती, म्हणून सरकारने तिच्यासाठी पैशाची हमी दिली होती. एवढा पैसा बुडाल्यावर चौकशी समिती बसली आणि 1861 मध्ये तिचा अहवाल आला. सगळ्यांच्या लक्षात आले की विजेचा विरोध मोजायला एक समान माप तरी हवे! त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने मापांची समिती नेमली आणि पुढच्या वर्षी जेम्स क्लार्क मॅक्सवेल तिच्यात आला. आज शाळेत ‘ओहम’ शिकवतात, त्याचे मूळ या कामात आहे. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हा मॅक्सवेलचा सिद्धांतही याच मोजमापाच्या धबडग्यात पक्का होत गेला, असे हंट सांगतात.

आता मुख्य माणूस. ऑलिव्हर हेविसाइड, जन्म 1850, लंडन. घरी गरिबी. लहानपणी आलेल्या आजाराने ऐकू कमी यायचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. डेन्मार्कमध्ये आणि मग न्यूकॅसलला तारघरात नोकरी केली, ती 1874 मध्ये सोडली आणि पुन्हा कधी नोकरी केली नाही. विद्यापीठाची पायरी तो चढलाच नाही. मॅक्सवेलचा 1873 चा ग्रंथ त्याने आपला आपण वाचून काढला. (त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला.) मॅक्सवेलने 1865 च्या निबंधात वीस समीकरणे मांडली होती. आज जगभर ‘मॅक्सवेलची चार समीकरणे’ म्हणून जी शिकवतात, त्यांना ते रूप या तारघरातल्या कारकुनाने 1880 च्या दशकात दिले. नाव मात्र मॅक्सवेलचे.

टेलिफोनचा आवाज लांबवर बिघडू नये म्हणून तारेत ‘प्रेरकत्व’ वाढवावे, हेही त्यानेच सिद्ध केले. पोस्ट खात्याचा बडा इंजिनिअर विल्यम प्रीस याचे मत उलटे होते. 1887 मध्ये त्याने हेविसाइडचा निबंध अडवला. अधिकार प्रीसकडे होता, गणित हेविसाइडकडे. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिनने त्याच कल्पनेवर पेटंट घेऊन बक्कळ पैसा केला.

ही गोष्ट ऐकून ‘बघा, गरीबसुद्धा मेहनतीने वर येतो’ असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. हेविसाइडच्या मावशीचा नवरा होता चार्ल्स व्हीटस्टन, इंग्लंडमध्ये तारायंत्र आणणाऱ्यांपैकी एक. तारखात्यात शिरायला ते नाते उपयोगी पडलेच. म्हणजे ‘स्वयंभू’ प्रतिभेच्या मागेही ओळखपाळख होती. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीचा उमेदवार, तोही एका रॉयल इन्स्टिट्यूशनचे दार उघडले म्हणून आत गेला. इंग्लंडात वर्ग होता, आणि तो क्रूर होता. पण लोहाराच्या मुलाने वीज शिकू नये असे सांगणारे धर्मशास्त्र तिथे नव्हते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, त्यातला फरक इथे कळतो. तांबे ओतणारा, चामडे कमावणारा, वेळू तासणारा हात आणि लिहिणारा हात आपल्याकडे एकमेकांना शिवूच दिले नाहीत. मग केबल बिघडली तर का बिघडली, हे कोण कोणाला सांगणार?

हंट यांच्या पुस्तकांत साम्राज्य आहे, पण साम्राज्याच्या तळाचे हात फारसे नाहीत, ही माझी तक्रार. केबलीवरचे गटापर्चाचे आवरण मलाया, बोर्निओ, सुमात्राच्या जंगलांतून यायचे. चीक काढण्यासाठी अख्खे झाड तोडावे लागे आणि ते तोडणारे होते तिथले आदिवासी. शतक संपेपर्यंत ती झाडे दुर्मीळ झाली. 1870 मध्ये लंडन समुद्राखालून मुंबईला जोडले गेले, तेही याच चिकाच्या बळावर.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर 1942 मध्ये, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिले होते. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाखांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, परदेशी शिक्षणासाठी आणखी एक लाख. आणि त्याच निवेदनात दुसरी एक मागणी होती, जी आपण फारशी सांगत नाही: सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या.