पोथी आणि मुखवटा

तंजावरच्या मराठी नाटकांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एका दाव्याच्या निमित्ताने होतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. परंतु तत्पूर्वी सुमारे दीडशे वर्षे तंजावरच्या शहाजीराजाने ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ रचले होते. सबब मराठी नाटकाचा आरंभ कावेरीकाठी मानावा, असा तो दावा. कालगणनेच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. परंतु आरंभ म्हणजे नुसता अग्रक्रम नव्हे. ज्यातून पुढचे काही निपजते, त्यालाच आरंभ म्हणणे योग्य. भावे यांना स्फूर्ती मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. म्हणजे जिवंत नटांकडून, पोथीवरून नव्हे.

तंजावरची नाटके पोथीत का राहिली? ती राजाश्रयाने वाढली होती. शहाजीनंतर प्रतापसिंहानेही नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीने ‘देवेंद्र कोरवंजी’त जगाचा भूगोल गुंफला. पण याच सरफोजीला १७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला, आणि १८५५ मध्ये शिवाजीराजा निपुत्रिक वारल्यावर गादीच संपली. दरबार गेला, त्याबरोबर नाटकाचा प्रयोगही गेला. संहिता मात्र सुरक्षित राहिल्या. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांना खुले झाले आणि पुढे काही नाटके छापलीही गेली. वस्तू वाचली, ती वापरण्याची विद्या वाचली नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण तंजावरपासून काही मैलांवरच आहे. मेलट्टूर या गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळाच्या देवळासमोर भागवत मेळ्याची नाटके होतात. त्यांची भाषा तेलुगू, रचनाकार वेंकटराम शास्त्री. प्रेक्षकांची बोली तमिळ. नट गावच्याच ब्राह्मण घराण्यांतले पुरुष असून स्त्रीभूमिकाही तेच करतात. विसाव्या शतकात या परंपरेलाही उतरती कळा लागली होती, ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या रसिकांनी तिच्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले. तथापि ती टिकली ती घराण्यांमुळे. नोकरीनिमित्त गाव सोडलेली माणसे उत्सवास परततात आणि वडिलांनी केलेली भूमिका मुलगा उचलतो.

‘प्रल्हादचरित्रा’तील नृसिंहाचा मुखवटा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तो देवळात असतो, त्याची पूजा होते, आणि तो धारण करणारा नट त्या दिवशी उपोषण करतो. संग्रहालयशास्त्राच्या कसोटीवर हे जतन सदोष ठरेल, कारण घाम, उष्णता आणि हाताळणी यांपासून त्या वस्तूला संरक्षण नाही. पण मुखवट्याबरोबर व्रत, चाल, आवेश आणि त्याचे भय या साऱ्या गोष्टी एका पिढीकडून दुसरीकडे जातात. वस्तू झिजते म्हणूनच तिचे ज्ञान झिजत नाही.

मराठीचे तंजावरात काहीच संक्रमित झाले नाही, असे मात्र नव्हे. मराठी कीर्तन तमिळ हरिकथेत उतरले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तेही तिने आपलीशी केली. कीर्तन एका कंठातून दुसऱ्या कंठात गेले, आणि तेथे भाषा बदलली तरी विद्या जगली. नाटकाला असा वारस लाभला नाही.

तेव्हा वाद अग्रक्रमाचा न राहता वारसाचा होतो. तंजावरच्या मराठी नाटकांतील ‘दरू’ नावाच्या पदांवर राग नोंदलेले आहेत. दरू कसा म्हणावा, त्यावर पात्राने प्रवेश कसा करावा, हे पुण्यामुंबईच्या रंगभूमीला ठाऊक नाही. मेलट्टूरच्या नटांना ते आजही ठाऊक आहे. आपल्या जुन्या नाटकांची किल्ली अशा रीतीने तेलुगू नाटक करणाऱ्या तमिळ गावाच्या हाती आहे. संहितांच्या नव्या आवृत्त्या काढण्याआधी मराठी अभ्यासकाने त्या गावी जाऊन शिष्यत्व पत्करावे. ते नट आहेत तोवरच हे शक्य आहे. पोथ्या काय, त्या थांबू शकतात.