पाठ मोकळी होती तोवर

पेण आणि रोह्याच्या डोंगरात तिरकमठा घेऊन दिवसभर हिंडायचं, तर तीर ठेवायचे कुठे? चित्रातला धनुर्धारी डोळ्यांसमोर येतो तो पाठीवर भाता बांधूनच. राम असो, अर्जुन असो, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगमधला एकलव्य असो, त्याचा हात खांद्यावरून मागे जातो आणि बाण घेऊन पुढे येतो. आमच्या रानात मात्र या प्रश्नाचं उत्तर निराळं निघालं. ते उत्तर इथल्या पावसाने दिलं, करवंदीच्या जाळ्यांनी दिलं आणि जंगलावर हक्क कुणाचा होता त्याने दिलं.

मी रोहा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होते. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं कातकऱ्यांची, बाकीची ठाकरांची. सुट्टीनंतर मुलं परत आली नाहीत की त्यांना आणायला वाडीवर जावं लागे. अशाच एका वाडीवर एका विद्यार्थ्याचे आजोबा मला नेहमी भेटत. मी त्यांना बाबा म्हणत असे, ते मला बाय म्हणत. तरुणपणी त्यांनी तिरकमठा चालवला होता आणि जुना कमठा कुडाच्या भिंतीला अजून अडकवलेला होता. मी एकदा विचारलं, "बाबा, तीर पाठीवर घेत नव्हतात का?" ते म्हणाले, "बाय, पाठ रिकामी नको का? येताना काय आणायचं तिच्यावर?"

मग त्यांनी अंगावर काय काय असायचं ते एकेक करून दाखवलं. डाव्या हातात बांबूचा कमठा आणि त्याच मुठीत दोन-तीन तीर. मोठ्या जनावरासाठी लोखंडी टोकाचे, पाखरासाठी नुसतं बोथट लाकूड, कारण टोकदार तिराने लहान पाखराची चिंधी होते. कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी, तिच्यात कोयता. खोबणीत पातं असं बसतं की चढावर वाकलं तरी निसटत नाही आणि मागे हात नेला की मूठ आपोआप सापडते. करगोट्याला तंबाखूची चंची. खांद्यावरच्या फडक्यात नाचणीची भाकर आणि मिरची. एवढंच. पाणी नाही, अंथरूण नाही, दुसरी भाकर नाही. बाबा उठून उभे राहिले आणि कमठा आडवा धरून, गुडघ्यात वाकून, मान खाली घालून दोन पावलं चालून दाखवली. करवंदीच्या जाळीखालून जायची ती चाल होती. पाठीवर खांद्याच्या वर डोकावणारा भाता असता तर पहिल्याच फांदीत अडकला असता. आणि सावज समोर असताना हात डोक्यामागे नेणं म्हणजे त्याला हूल देऊन पळवून लावणंच. मुठीतला तीर दोरीवर चढायला मनगट फिरवावं लागतं, तेवढंच.

पावसाळ्यात तर पाठीचा प्रश्नच उरत नसे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या चार महिन्यांत पाठ इरल्याची असते. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते छप्पर डोक्यावरून पाठीवर उतरतं आणि दोन्ही हात मोकळे ठेवतं. लावणी त्यातच होते, मुठे, म्हणजे ओढ्यातले खेकडे, पकडणं त्यातच होतं, पहिल्या पावसात वर चढणाऱ्या वलगणीच्या माशांमागे धावणंही त्यातच. तिथे भात्याला जागा नाही. कातड्याचा भाता असेलच, तर आठवडाभरात बुरशीने पांढरा होईल.

पावसाने धनुष्यही ठरवून दिलं होतं. मोगली फौजांतलं नामांकित धनुष्य शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने जोडून केलेलं असे. ते आखूड, घोड्यावर वापरायला सोपं आणि जबर ताकदीचं होतं. पण दमट हवेत सरस सैल पडायचा. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली, त्यामागच्या कारणांत ही हवाही होती. घोडेस्वाराचा तरकस कातड्याचा, अनेकदा नक्षीचा आणि बहुतेक वेळा कमरेला टांगलेला, हे त्या काळच्या चित्रांत स्पष्ट दिसतं. म्हणजे शाही तिरंदाजानेही पाठीपेक्षा कंबर पसंत केली होती. रानातल्या माणसाचा कमठा मात्र अखंड बांबूचा. भिल्लांच्या कमठ्याला असते तशी बांबूच्या सालीची पट्टीच दोरी म्हणून लावली, की ती भिजूनही काम देते. सरस नाही, शिंग नाही, तात नाही. मोडला तर नवा करायला बेट जवळच असे.

तीर-धनुष्य घेऊन डोंगरात हिंडणारा माणूस काय काय नेत असे, याचा फार जुना आणि बराचसा पूर्ण पुरावा आल्प्स पर्वतात मिळाला. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात गोठलेल्या एका माणसाचा देह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी मेला होता. त्याच्याजवळ कातड्याचा लांब भाता होता. तो ताठ राहावा म्हणून बाजूने काठी बांधलेली होती. भात्यात १४ बाण होते आणि त्यांतले फक्त २ पूर्ण तयार. बाकीच्या नुसत्या तासलेल्या काड्या. सोबत शिंगाची टोकं होती, दोरी होती. पाठीवर ओझं बांधायची लाकडी चौकट होती आणि झाडाच्या सालीच्या एका डब्यात पानांत गुंडाळून निखारा नेलेला होता. मी हे वाचलं तेव्हा बाबांच्या दोन-तीन तिरांशी ताडून पाहिलं. बर्फाच्या उंचीवर काडी मिळत नाही, विस्तव मिळत नाही, म्हणून त्या माणसाला सगळं संसारासारखं बरोबर न्यावं लागलं. आमच्या रानात काडी, वेल, पाणी, कंद सगळं वाटेत होतं. कोणत्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असतं आणि कडूकंद कुठल्या उतारावर खणायचा, हे ज्याला ठाऊक, त्याच्या पाठीवर ओझं कशाला?

माझं म्हणणं एवढंच आहे: शिकाऱ्याची मोकळी पाठ हे गरिबीचं लक्षण नव्हतं. रान आपलं आहे, याचा तो पुरावा होता. आणि पेण-रोह्याच्या आदिवासींचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या मोकळ्या पाठीवर दुसऱ्यांचं ओझं चढत गेल्याचा इतिहास आहे.

शिकारीच्या जोडीला कातकऱ्यांचा खरा धंदा काथाचा. खैर तोडायचा, आतलं लाल लाकूड काढून त्याच्या ढलप्या करायच्या, मातीच्या मडक्यांत त्या उकळायच्या, पाणी गाळून आटवायचं आणि वाळवून वड्या पाडायच्या. हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं रानात मुक्काम करत. १८७८ चा वन कायदा आला आणि जंगल राखीव, संरक्षित आणि गावाचं अशा वर्गांत वाटलं गेलं. राखीव जंगलात परवानगीवाचून झाड तोडणं गुन्हा झालं, तसंच नियमांविरुद्ध शिकार करणं, मासे मारणं, फास लावणं हेही. एका कायद्याने राखीव रानातले खैर आणि तीर दोन्ही हातचे गेले. १८८३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं, तोवर लाकडाच्या मोळ्या विकणं हा कातकऱ्यांचा नेहमीचा उद्योग झालेला होता. पाठ मोकळी ठेवणाऱ्या माणसांच्या डोक्यावर मोळी आली.

मोळीनंतर कोळसा आला. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, ठेकेदार घेत आणि कातकरी कुटुंबं भट्टी लावत. लाकूड रचायचं, वरून माती-पाला थापायचा आणि धूर कुठून कसा निघतो यावर रात्रंदिवस नजर ठेवायची. या कोळशावर शहरातल्या चुली आणि इस्त्र्या चालल्या. कोळसा संपला तशा वीटभट्ट्या आल्या. भात कापून झालं, दिवाळी उलटली की कुटुंब उचल घेऊन बाहेर पडतं आणि पावसाच्या तोंडावर परततं. माझ्या वर्गाची पटसंख्या याच काळात घटायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, हे मी मुलांच्या तोंडून पुढेही अनेक वर्षं ऐकत होते. डोक्यावर एका वेळी किती विटा चढतात, हे त्या मुलांना पाढ्यांआधी येत असे.

दरम्यान राखलेल्या रानात शिकार थांबली नव्हती, फक्त तिथे ती करणारे बदलले होते. रोहा आणि मुरूडच्या मधल्या डोंगरावरचं घनदाट रान जंजिऱ्याच्या नवाबाने शिकारीसाठी राखलेलं होतं. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या शिकारीची रीतच अशी, की बंदूक पाहुण्यांच्या हातात आणि रान उठवायला हाकारे गावातले. रानाची ज्याला खडान्‌खडा माहिती, त्याने डबे वाजवत जनावर दुसऱ्याच्या नेमाकडे हाकायचं. १९४८ साली नवाबाचं संस्थान विलीन झालं. त्याच रानाचं १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. तिथल्या पाणवठ्यांना लोक गाण म्हणतात. चिखलगाणीसारख्या जागी आज शेकरू आणि सांबर बघायला पर्यटक येतात. ते रान टिकलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण कोणत्या गाणीचं पाणी कधीपर्यंत टिकतं, हे आधी कुणाला ठाऊक होतं, तेही पर्यटकांना सांगितलं पाहिजे.

या अन्यायाला इथल्या माणसांनी मुकाट मान तुकवली, असंही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या रानात, शेतकरी आणि आदिवासी जंगल सत्याग्रहासाठी जमले. त्यांच्या हातात कोयते होते, झाड तोडून कायदा मोडायचा होता. गोळीबार झाला आणि त्यात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. मी दरवर्षी त्या दिवशी वर्गात त्याचं नाव घेत असे. आकडीतला कोयता हाच ज्याचा रोजचा सोबती, त्याने तोच हातात घेऊन सरकारपुढे उभं राहावं, यात त्या पिढीचं सगळं म्हणणं येतं.

स्वातंत्र्यानंतर, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तिरकमठा कायमचा भिंतीला लागला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने कसत असलेल्या जमिनीचा हक्क दिला, वनोपजाचा दिला, सामूहिक हक्क दिले. शिकारीचा आणि फास लावण्याचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. ते मला मान्य आहे. उरलेल्या सशा-भेकरांवर आता तीर सुटू नयेत. वाडीवरच्या जुन्या माणसांनाही रान किती विरळ झालंय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि जास्त लागतं.

पण याच कायद्यात दुसरं एक कलम आहे. आदिम म्हणून नोंदलेल्या जमातींना त्यांच्या अधिवासाचा सामूहिक हक्क मागता येतो. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यासाठी पुरावे कोणते, तेही नियमांत लिहिलेलं आहे. कंदमुळं आणि रानफळं गोळा करण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा, पाण्याचे झरे, औषधी वनस्पती मिळण्याच्या जागा, देवस्थानं, दफनभूमी. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाने दिलेली, लिहून घेतलेली जबानीसुद्धा.

ही यादी पुन्हा वाचावी. दिवसभर दोन तीर आणि एक भाकर घेऊन हिंडणारा माणूस जे पाठीवर नेत नव्हता आणि डोक्यात नेत होता, तेच हे सगळं आहे. झरा ठाऊक होता म्हणून त्याने पाणी नेलं नाही. कंद ठाऊक होता म्हणून दुसरी भाकर नेली नाही. त्याचं हे ज्ञान आज कायद्याच्या भाषेत पुरावा ठरतं. तो पुरावा ऐंशीच्या घरातल्या मोजक्या माणसांपाशी आहे, आणि त्यांतली बरीच माणसं दर दिवाळीनंतर नातवंडांच्या मागोमाग भट्टीवर जातात.

म्हणून पेण आणि रोह्यातल्या माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे. आश्रमशाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना लिहिता येतं. या पावसाळ्यात, कुटुंबं वाडीवर असताना, प्रत्येक मुलाला आपल्या आजा-आजीबरोबर रानात एक दिवस पाठवा. झऱ्याचं नाव, कंदाचा उतार, मुठ्यांचा ओढा, देवाचं झाड, असं सगळं वहीत उतरवून घ्या. खाली तारीख घाला, आजोबांचा अंगठा घ्या आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवा. वनहक्क समितीला ती दाखल करून घ्यावी लागेल. इतिहास लिहिण्याचं याहून उपयोगी काम मला दुसरं माहीत नाही, आणि ते करायला वेळ फार थोडा उरला आहे.