चौकटींचा तह

दूर अंतरावरील दोन यंत्रे एका तारेने जोडली की त्यांचा व्यवहार सुरू झाला, असे बाहेरून पाहणारास वाटते. परंतु अखंड वाहणाऱ्या शून्य-एकांच्या प्रवाहात एक फ्रेम (चौकट) कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, याविषयी दोन्ही टोकांचा आधी तह झालेला नसेल, तर धडधाकट तारेवरूनही अर्थाचा कण पलीकडे पोहोचत नाही.

अमेरिकेत बेल सिस्टिमने १९६२ साली टी-१ वाहिनी व्यवहारात आणली, तेव्हा तिच्या फ्रेममध्ये २४ संभाषणांचे प्रत्येकी ८ बिट आणि सीमादर्शक असा एकच बिट, मिळून १९३ बिट असत, व अशा ८,००० फ्रेमा दर सेकंदास धावत. पुढे १२ फ्रेमांचा समूह करून तो एकटा बिट १०००११०१११०० या क्रमाने फिरविण्यात आला. आणि त्याहीनंतरच्या २४ फ्रेमांच्या विस्तारित रचनेत सीमा ओळखण्यास सहाच बिट पुरेसे ठरल्यामुळे, उरलेल्यांपैकी सहा त्रुटितपासणीस आणि बारा देखभालीच्या निरोपांस बहाल झाले. ही काटकसर मला विलक्षण वाटते. युरोपने मात्र ३२ खणांची, २५६ बिटांची निराळीच फ्रेम पत्करली, आणि हिंदुस्थानातही तीच रूढ झाली.

प्रकाशतंतूंच्या युगात हा दुभंग मिटविण्याची तजवीज १९८८ साली झाली. अमेरिकेने आपली १३ ओळींची मांडणी सोडून ९ ओळींची स्वीकारली, आणि त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी १५५.५२ मेगाबिटांच्या पायरीवर अमेरिकी सोनेट व जागतिक एसडीएच या दोन मानकांची गाठ घालून दिली. दोन खंडांनी आपापला हट्ट इतका आवरल्याची उदाहरणे या क्षेत्रात थोडीच. तरी मूळ पायरीचा भेद, आणि फ्रेममधील भाराची जागा दर्शविणाऱ्या अंकातील दोन बिटांचा भेद, मागे राहिलाच.

त्या चौकटीत राउटरांची पाकिटे कशी भरावीत याचा पहिला मसुदा १९९४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील उणीव मोठी बोधप्रद होती. घड्याळ जुळते राहण्यासाठी तारेवर शून्य-एकांची अदलाबदल सतत घडावी लागते, म्हणून सोनेट आपला प्रवाह १२७ बिटांच्या ठरावीक क्रमात मिसळून विस्कटून पाठवीत असे. परंतु तो क्रम सर्वज्ञात असल्यामुळे, नेमका त्यालाच छेद देणारे पाकीट एखाद्या दुष्ट ग्राहकाने धाडले, तर शून्यांची लांबच लांब रांग निर्माण होऊन परक्यांच्या वाहतुकीसकट सारी वाहिनी ढासळण्याचा धोका होता. सबब १९९९ च्या सुधारित दस्तऐवजाने, आधी गेलेल्या ४३ व्या बिटावर अवलंबून राहणारी दुसरी विस्कटणी भारापुरती लागू केली, आणि ती चालू असल्याची खूण म्हणून फ्रेममधील एका बाइटमध्ये २०७ ऐवजी २२ हा अंक नेमून दिला.

जुनी यंत्रे एका रात्रीत टाकून देणे कोणासही परवडणारे नव्हते. म्हणून १५५ मेगाबिटांच्या वाहिनीपुरती ही विस्कटणी बंद ठेवण्याची, तसेच ३२ ऐवजी १६ बिटांचा तपासणी-अंक वापरण्याची मुभा त्याच दस्तऐवजात राखली गेली. ही मुभा रास्त होती असेच माझे मत आहे, जरी तिच्यापायी एका टोकास विस्कटणी चालू व दुसऱ्यास बंद असे घडे, प्रकाश यथास्थित पोहोचे, तारेवर कसलाच दोष दिसत नसे, आणि एकही पाकीट पार होत नसे. मग दोन्हीकडील अभियंते दूरध्वनीवरून एकेक अंक परस्परांस वाचून दाखवीत, तो २२ आहे की २०७, हे पडताळून घेत.