व्यासपीठाखालची माणसं

1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्यात भाषणं ऐकणं हा मराठी माणसाचा जणू कुळाचार झाला. आमच्या शहाद्याकडे ती हवा पोचायला वेळ लागला, आणि पोचली ती महाविद्यालयांच्या वाटेनं. 1990 च्या 15 ऑगस्टला जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी आमच्या महाविद्यालयांचा कारभार पुणे विद्यापीठाकडे असे. आमचा नंदुरबार जिल्हा तर त्यानंतर, 1998 साली, धुळ्यातून वेगळा झाला.

मी महाविद्यालयात मराठी शिकवायचो, म्हणून विद्यापीठाच्या बहिःशालच्या, म्हणजे वर्गाबाहेरच्या लोकांसाठीच्या, व्याख्यानांची व्यवस्था हमखास माझ्या गळ्यात पडे. जाजम अंथरायचं, माईकवाल्याच्या मागे लागायचं, शाल-श्रीफळ आणून ठेवायचं. पाहुणे बहुधा बाहेरगावचे. पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी, मागे भिल्ल-पावरा आदिवासी पोरं. घरी भिलोरी नाहीतर पावरी बोलणारी ही पोरं प्रमाण मराठीतलं ज्ञानेश्वरांवरचं भाषण मुकाट ऐकत.

शहादा तालुक्यातलेच आदिवासी कवी वाहरू सोनवणे आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या श्रमिक संघटनेच्या चळवळीत घडले. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेनं हा मामला ऐरणीवर आणला: दुःख खाली बसलेल्यांचं, सांगणारे वर बसलेले. वर्गात ती वाचली की मागची रांग मान वर करी. पुढे त्यांनी आदिवासी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं.

व्याख्यानमालेचा इतिहास लिहिताना आपण वक्त्यांची यादी देतो. आमच्याकडे तरी तो श्रोत्यांपासून लिहायला हवा.